मदत हवी आहे : परसातल्या 'बार्शी लाइट'चा रूळ उचलला जातोय आणि चंद्रभागा गळतेय

खडीसाखर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावतो, कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवटच मिळतात हे इथंच शिकलोय.

घर बार्शीत. मागं परस आहे, बारा मीटर लांब, सात मीटर रुंद. एक जुना कडुनिंब, बाकी मोकळं. आजोबा बार्शी लाइट रेल्वेत, म्हणजे बार्शीहून पंढरपूरला जाणाऱ्या जुन्या अरुंद रुळाच्या गाडीवर, पॉइंट्समन (सांधे बदलणारे) होते. त्यामुळे निवृत्त झाल्यावर बागेतली रेल्वे करायची तर तीच, आगगाडीचा तयार खेळ आणून बागेत फिरवायचा नाही, हे पक्कं होतं.

मापाचं गणित सुरेख जुळलं. बार्शी लाइटचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फुटी, 762 मिलिमीटर. त्याला 24 नं भागलं की 31.75 येतात, आणि 32 मिलिमीटरचा बागेत टाकायचा रूळ इंग्लंडात तयार मिळतो. पाव मिलिमीटर मी माफ केला. भाच्यानं तिकडून येताना पेको कंपनीचे वार-वारभर लांबीचे तुकडे आणले, कस्टमवाल्याला काय सांगितलं ते विचारलं नाही. गाडी बॅटरी आणि रिमोटवर चालते, रुळात करंट नाही. सध्या चाचणीला इंजिन म्हणून चार चाकांचा एक ठोकळा आणि फोमशीटचे दोन डबे आहेत. मूळ गाडीचं, किटसन कंपनीचं आठ जोडचाकांचं टाकीवालं इंजिन पुढच्या वर्षी करेन म्हणतोय.

दिवाळीनंतर काम काढलं. गवंड्याकडून जमिनीवर 15 सेंटिमीटर रुंद, 10 जाड अशी काँक्रीटची पट्टी लंबगोल ओतून घेतली आणि तिच्यावर रूळ स्क्रूनं बसवला. एका अंगाला तीन मीटर लांब, मीटरभर रुंद, 30 सेंटिमीटर खोल हौद, विटांचा, आतून प्लॅस्टर. ही आमची पंढरपूरची चंद्रभागा. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या अँगलचा पूल. कोपऱ्यात दगडांचा ढीग रचून कूलरच्या पंपानं धबधबा सोडला. (पंढरपूरला धबधबा नाही हे मला माहीत आहे. नातवंडांचा हट्ट.)

आता रडगाणं. फेब्रुवारीपासून पट्टीला आडव्या भेगा पडल्या. हौदाच्या बाजूला पट्टी चक्क वर उचललीय, बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा 6 मिलिमीटर उंच झालाय आणि तिथं डबा न चुकता पडतो. उलट कडुनिंबाखाली पट्टी खचलीय. हौदाचं पाणी रोज दोन-तीन बोटं उतरतं, प्लॅस्टर दोनदा करून झालं. बोअरच्या पाण्यानं पंपावर पांढरा थर बसतो, दोन महिन्यांत पंप गार. हरळीनं तर पुलाच्या तोंडाशी स्लीपरच गिळलेत.

पट्टी जाड करून परत ओतू का? गवंडी म्हणतो सहा इंच करा, सळई घाला. मृगाच्या आधी काम उरकायचंय.

पाटबंधारे

ओतू नका! माती काळी आहे का, एवढंच सांगा. आणि किती खोल?

खडीसाखर

काळीभोर. बोअर घेताना पाच-सहा फुटांखाली मुरूम लागला होता. परवा हौदापासून लांब एका भेगेत मोजपट्टी सोडली तर दीड फूट आत गेली.

पाटबंधारे

वाटलंच. उभी नोकरी कालव्यांच्या अस्तरीकरणात गेली, ही भेग मी ओळखतो. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. तिच्या जोरापुढे भल्या भल्या कालव्यांची फरशी उलथते, तुमची 15 सेंटिमीटरची पट्टी किस झाड की पत्ती.

पण तुम्ही दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्यात, मला ती एकच दिसतेय. हौद गळतोय म्हणून त्याच्या कडेची माती फुगली, तिथं रूळ वर आला. कडुनिंब मुळांनी पाणी ओढतो म्हणून तिथली माती आक्रसली, तिथं रूळ खाली गेला. काँक्रीट बिचारं मधल्यामध्ये मोडलं.

खात्री करून घ्या. एक बादली पाण्यानं भरून हौदातच विटेवर ठेवा, आतलं-बाहेरचं पाणी साधारण एका पातळीत येईल अशी. धबधबा बंद. दोन्हीकडे खडूनं खूण करा आणि चोवीस तासांनी मोजा. बादलीत उतरेल ती वाफ. हौदात त्याहून जास्त उतरेल ती गळती.

श्टुटगार्टकर

काका, तुमचा बेत वाचून फार बरं वाटलं. माझं आजोळ कुर्डुवाडी.

इकडे जर्मनीत बागेतली रेल्वे हा जुना छंद आहे. लेमान कंपनीनं 1968 मध्ये एलजीबी नावाची बागेतली तयार रेल्वे बाजारात आणली, 45 मिलिमीटरचा रूळ, तेव्हापासून घरोघरी आहे. आमच्याकडे काळी माती नाही, पण थंडीत जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि रूळ असाच वर येतो. म्हणून बरेच जण रूळ कशालाच जखडत नाहीत. चर खणायचा, खडी भरायची, रूळ तिच्यावर नुसता ठेवायचा आणि स्लीपरच्या मधे बारीक खडी भरायची. जमीन हलली की रूळ सगळाच्या सगळा थोडा हलतो, मोडत नाही. वर्षातून दोनदा जिथं खाली गेला असेल तिथं उचलून खाली खडी सारायची. गँगमन करतात तेच, फक्त पहारीऐवजी चमचा.

खडी गोल नको, गोटे एकमेकांवरून घसरतात. तुटक्या कोनांची हवी, दोन ते सहा मिलिमीटर, थोडी भुकटी असलेली.

स्क्रू काढायला आणखी एक कारण आहे. तुमच्याकडे पहाटे 18 अंश आणि उन्हातला धातू दुपारी 60 च्या पुढं, म्हणजे दहा मीटर रूळ सात-आठ मिलिमीटरनं वाढतो. ती वाढ कुठंतरी जायला हवी. प्रत्येक सांध्यात मिलिमीटरभर फट आहे का? दुपारीच रूळ जोडला असेल तर अर्धी फट पुरे, पहाटे जोडला असेल तर पूर्ण ठेवा.

माढेकर

हौदाचं माझ्यावर सोडा. आमच्याकडे डाळिंब आहे, शेततळं आहे. प्लॅस्टरच्या नादी परत लागू नका, काळ्या रानात ते तडकणारच. शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद आणा. कुणाचं तळं नुकतं झालं असेल तर उरलेला तुकडा फुकटसुद्धा मिळेल, कागद टाकणारे कापून फेकतात.

माप असं काढा : लांबी अधिक दोन्हीकडची खोली अधिक दोन्ही काठांवर फूट-फूट. तुमच्या हौदाला 4 मीटर 20 बाय 2 मीटर 20 लागेल. खाली टोकदार खडा राहू देऊ नका, जुनी गोणपाटं अंथरा. कागद ताणून बसवू नका, घड्या पडू देत. काठ जमिनीपेक्षा चार बोटं वर घ्या, नाहीतर पावसात आजूबाजूचा चिखल आत. आणि उघडा राहिला की कागद उन्हानं कडक होऊन तडकतो, तेव्हा काठावर दगड.

हरळीला रुळाच्या चरात वीड मॅट (तण रोखणारं कापड) टाका, डाळिंबवाले टाकतात तीच. लव्हाळा मात्र तिलाही भोक पाडतो, तो हातानंच काढायचा. गप्पी मासे विसरू नका, नाहीतर नगरपालिकेचा माणूस डासांच्या अळ्या बघायला येईल आणि रेल्वे बघत बसेल.

वरणफळ

सगळं छान चाललंय, पण मला राहवत नाही म्हणून विचारते. तीन बोटं म्हणजे पाच सेंटिमीटर. तीन चौरस मीटरच्या हौदात दिवसाला दीडशे लिटर झाले. मे महिन्यात, बार्शीत? आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड येत नाही, आठवड्यात किती वेळा येतं ते लिहीत नाही. छंदाला विरोध नाही, माझ्याही कुंड्या आहेत, पण शेजाऱ्यांना दिसेल असा धबधबा मी तरी सोडणार नाही.

खडीसाखर

वरणफळ, तुमचं म्हणणं लागलं, खोटं कशाला सांगू. पाणी बोअरचं आहे हे उत्तर मनात आलं होतं, पण बोअर तरी कुणाच्या बापाची.

बादलीचा निकाल : बादली 10 मिलिमीटर, हौद 33. 'दोन-तीन बोटं' अंदाजपंचेच होती म्हणायची. तरी वाफ तीस लिटर आणि गळती सत्तरच्या आसपास. म्हणजे रोज चार-पाच घागरी मी स्वतःच्या रुळाखाली ओतत होतो. पाटबंधारे साहेब, दंडवत.

पाटबंधारे

दंडवत नको, चर खणा. नुसती तरंगती खडी तुमच्या मातीत पुरणार नाही, खालून भेग पडली की खडी तिच्यात उतरते. चर फूटभर रुंद आणि दीड फूट खोल. काळी माती लांब नेऊन टाका, कडेला ढीग ठेवलात तर पावसात परत आत. मग मुरूम 10-15 सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर किंचित ओला करून धुम्मसानं ठोकायचा. वर वीड मॅट, मग श्टुटगार्टकरांची खडी.

मुरूम चिकट पण न फुगणारा हवा. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींनी काळ्या मातीवर अशाच न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यायची पद्धत बसवली, कालव्यांना ती वापरली गेली. तुमच्याकडे कालव्याची छोटी आवृत्ती आहे, एवढंच. रुळापासून दोन-अडीच फुटांत झाडांचं ठिबक ठेवू नका.

श्टुटगार्टकर

एक राहिलं. डबा फक्त उंचीच्या फरकामुळे पडतो असं मला वाटत नाही. बॅटऱ्या कुठं ठेवल्यात? बार्शी लाइट बांधणाऱ्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉपचं सगळं गणित यावरच होतं. प्रत्येक आसावर सारखं पाच टन वजन, त्याहून जास्त नाही, म्हणून यार्डाला तीस पौंडांच्या हलक्या रुळावरही 1897 मध्ये तो धडधाकट गाड्या चालवू शकला. (हाच गृहस्थ पुढं पॅराशूट बनवायच्या नादाला लागला. आपल्यातलाच म्हणायचा.) तुमचा ठोकळा आणि डबे स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेका आसानं तोलून बघा.

खऱ्या डब्याची लांबी 40 फूट, तुमच्या मापात 508 मिलिमीटर. वळणाची त्रिज्या किती? आठ चाकांचं इंजिन करणार असाल तर मधल्या दोन जोड्यांच्या चाकांची कड घासून टाका, नाहीतर वळणात अडकेल.

खडीसाखर

त्रिज्या 90 सेंटिमीटर. वजन केलं. ठोकळ्याचा पुढचा आस 410 ग्रॅम, मागचा 690! तिन्ही सेल मागंच कोंबलेत. डबे तर कागदासारखे हलके, त्यांत शिसं घालावं लागेल.

वरणफळ

मघाशी जरा तोडून लिहिलं गेलं. मी पंढरपूरची, म्हणून एक सुचवते. चंद्रभागेत मे महिन्यात कितीसं पाणी असतं हो? पलीकडपर्यंत वाळवंट, मधे एखादी धार, तिच्यात म्हशी. तीन मीटर हौद भरायचा कशाला? वाळवंट करा. धार हातभर रुंदसुद्धा नको. पुलाखाली वाळू दिसली तरच तो आमचा पूल वाटेल, भरलेल्या हौदावर तो कुठलाही पूल आहे.

माढेकर

एक नंबर! आणि आषाढीला उजनीतून पाणी सोडतात तसं तुम्हीही सोडायचं. तोवर पाऊस झालेला असेल, पत्र्याचं पाणी पिंपात धरून ठेवा. पावसाच्या पाण्यात क्षार नाहीत, पंपही टिकेल. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त. बसलेला थर काढायला व्हिनेगरमध्ये रात्रभर पंप बुडवा.

वाळू नदीची शोधत फिरू नका, तहसीलदार दारात येतील. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) घ्या आणि धुऊन भुकटी काढा, नाहीतर गिअरमध्ये जाते.

खडीसाखर

हे माझ्या डोक्यात का आलं नाही? लहानपणी त्याच वाळवंटात चुरमुरे खाल्लेत.

ठरलं ते असं. हौदाच्या विटा काढून उथळ पात्र, खाली शेततळ्याचा कागद, वर धुतलेली क्रश सँड. मधून वीस सेंटिमीटर रुंदीची धार. सगळी मिळून 0.6 चौरस मीटर, म्हणजे वाफ दिवसाला सहा लिटर, शिवाय वाळू भिजेल त्याची थोडी. पाणी पात्राच्या टोकाला जमिनीत पुरलेल्या निळ्या पिंपात पडेल, पिंपाला झाकण, पंप त्यातच. धबधबा रद्द. नातवंडांना म्हशी करून देतो, 1:24 च्या. पंपाच्या लाइनवर विजेची गळती झाली की तोडणारा 30 मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवतोय, मुलं हात घालणारच.

चराचं काम कालपासून सुरू. पट्टी फोडताना हौदाच्या बाजूला खालची माती ओली गार लागली, हातात गोळा होत होती. कडुनिंबाखाली तिचे ढेकूळ पहारीनं फोडावे लागले. मधे अंतर चार मीटर.

आता शेवटचं. वाळवंटात पुंडलिकाचं मंदिर हवंच. शिखराची उंची कुणाकडे आहे का? फोटोवरून अंदाज येत नाही.

वरणफळ

एकादशीच्या आत जाऊन येते. शिखराला टेप लावू देणार नाहीत, पण पायरी मोजता येईल. पायरीजवळ मुलाला उभा करून समोरून फोटो काढते, त्याची उंची 4 फूट 7 इंच. बाकी तुम्ही भागाकार करा.