मदत हवी: एकाच रुग्णाची माहिती तीन संस्थांनी आपसात कशी द्यावी-घ्यावी?

नमस्कार. बाहेरगावाहून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या राहण्याची सोय करणाऱ्या एका लहान संस्थेत मी समन्वयाचं काम करते. आमच्याबरोबर आणखी दोघे असतात: रुग्णालयाचा समाजसेवा विभाग आणि खर्चाला मदत करणारा एक ट्रस्ट. तिघांचं एकमेकांशी चांगलं जमतं, भांडण कसलंच नाही. अडतं ते माहिती इकडून तिकडे जाताना.

रुग्णालयाचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, त्यातून आठवड्याची यादी एक्सेलमध्ये निघते. ट्रस्ट ती गूगल शीटमध्ये चिकटवतो, मंजुरीचा रकाना भरतो आणि मग ती आमच्याकडे येते. मधल्या सगळ्या घडामोडी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

एप्रिलमध्ये जे झालं ते अजून मनातून जात नाही. एका बाईंच्या भरतीची तारीख यादीत ०३/०४ होती, म्हणजे ३ एप्रिल. ट्रस्टच्या शीटने ती ४ मार्च धरली. यादी फिरली तेव्हा मार्चचा मध्य उलटून गेला होता, त्यामुळे तारीख होऊन गेलेल्यांमध्ये त्यांचं नाव गेलं आणि आमच्याकडे खोली राखलीच गेली नाही. २ तारखेला रात्री त्या आईला घेऊन दारात उभ्या. दुसऱ्या दिवशी भरती व्हायचं होतं, आणि आम्ही त्यांना हॉलमध्ये गादी घालून दिली. त्याआधी आपली सगळी कहाणी त्यांनी तीन ठिकाणी तीनदा सांगितली होती.

दुसरी अडचण नावांची. केसपेपर नंबर वेगळा, ट्रस्टचा अर्ज क्रमांक वेगळा, आमचा नोंदवहीतला वेगळा. जुळवायचं ते नावावरून, आणि एकाच नाव-आडनावाचे दोन रुग्ण एकाच आठवड्यात आले की आम्ही फोन करत बसतो.

तिसरी सगळ्यात जास्त टोचते. मला खरं तर एवढंच कळायला हवं: कोण येतंय, बरोबर किती जण, कधीपासून कधीपर्यंत, जिना चढता येतो का. पण ग्रुपवर बायोप्सीच्या रिपोर्टचे फोटो येतात आणि आम्हा सगळ्यांच्या खासगी फोनमध्ये उतरतात. ते बघण्याची मला गरज नाही, आणि त्या माणसाने ती परवानगी मला दिलेलीही नाही.

एक सामायिक शीट करून पाहिली होती. रुग्णालयाच्या आयटी विभागाने बाहेरच्या लिंक बंद ठेवल्या आहेत, म्हणून तिथल्या ताई स्वतःच्या जीमेलवरून ती उघडायच्या. त्यांनी नोकरी सोडली, तरी सहा महिने शीट त्यांना दिसत होती. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

नवीन सॉफ्टवेअर घ्यावं का? चालवायला आमच्याकडे वेगळा माणूस नाही. असं काम केलेल्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं काम केलंय, त्यावरून सांगतो. नवीन सॉफ्टवेअर नको. तिघांनी एकच प्रणाली वापरायची ठरवलं की रुग्णालय कधीच हलत नाही, आणि त्यांचंही चूक नसतं.

नवा सामायिक नंबरही काढू नका. आरोग्याच्या माहितीच्या देवाणघेवाणीसाठी फायर नावाचं मानक आहे. तुमच्यासाठी ते फार मोठं, पण त्यातली एक गोष्ट उचला: तिथे ओळख क्रमांक एकटा लिहीत नाहीत, तो कुणी दिला तेही सोबत लिहितात. म्हणजे तुमच्या यादीत दोन रकाने, ‘नंबर देणारी संस्था’ आणि ‘नंबर’. रुग्णालयाच्या यादीत केसपेपर नंबर पहिल्यापासून असतोच, तो पुढच्या दोघांनी खोडायचा नाही, आपला त्याच्या शेजारी लिहायचा.

तारीख कायम वर्ष-महिना-दिवस लिहा, २०२५-०४-०३ अशी. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून याचसाठी आहे. ट्रस्टच्या शीटच्या सेटिंग्जमध्ये ‘लोकेल’ बघा, ते अमेरिकेचं असणार. तिथे महिना आधी वाचतात.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर घालते: यादी पाठवताना किती ओळी आहेत ते निरोपात लिहा, घेणाऱ्याने मोजून उलट कळवावं. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांकडून आलेले कोविडचे निकाल एक्सेलच्या जुन्या, एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये भरत होते. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांत वेळेवर आली नाही आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. तुमची यादी लहान आहे, पण अशी गळती मोजल्याशिवाय दिसत नाही.

शीटसाठी रुग्णालयाच्या आयटी विभागाला वळसा घालू नका. शीट ट्रस्टच्या शेअर्ड ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे मालकी एका व्यक्तीकडे राहणार नाही. आणि प्रवेश फक्त कार्यालयीन ईमेलला द्यावा, तेवढ्याच पत्त्यासाठी रुग्णालयाकडे लेखी परवानगी मागा. नोकरी सुटली की तो ईमेल रुग्णालय बंद करतं, पण शीटवरचं नाव तुम्हीही काढा. दर महिन्याला पाच मिनिटं प्रवेशाची यादी वाचायची, कोण वाचणार ते आजच ठरवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लोकेल खरंच अमेरिकेचं निघालं. आज ट्रस्टच्या माणसाने माझ्यासमोर बदललं आणि जुन्या नोंदी तपासल्या, तर आणखी चार तारखा उलट्या सापडल्या. त्यातल्या दोघांचं येणं अजून व्हायचंय, त्यांना मी फोन केले.

आमच्यासाठी पाच रकान्यांची वेगळी यादी काढायला समाजसेवा विभाग तयार आहे, आजाराचं नाव नसलेली. रिपोर्ट ग्रुपवर टाकणं सोमवारपासून बंद. आयटी विभागाला मात्र लेखी हवंय: कोणती माहिती कुणाला, किती दिवस ठेवणार, रुग्णाची संमती कोण घेणार. असा साधा दोन पानी करार कुणी केला असेल तर त्यातले मुद्दे इथे लिहाल का? विशेषतः रुग्ण घरी गेल्यावर आमच्याकडची नोंद कधी पुसायची, यावर आमचं तिघांचं अजून ठरत नाहीये.