मदत हवी आहे: 20 लाख रेणुभाराचे पॉलिस्टायरीन आणि जीपीसीतील लांब शेपटी

नमस्कार.

सुमारे 20 लाख ग्रॅम प्रति मोल रेणुभाराचे, शक्य तितक्या एकसारख्या लांबीच्या साखळ्यांचे पॉलिस्टायरीन मला बनवायचे आहे. इमल्शन पद्धतीत (पाण्यात विखुरलेल्या सूक्ष्म कणांत पॉलिमर बनवताना) रॅडिकल, म्हणजे साखळीचे वाढते क्रियाशील टोक, एकेका कणात एकटे पडत असल्याने साखळी लवकर थांबत नाही आणि एवढा रेणुभार सहज गाठता येतो. परंतु लांबीत फार तफावत राहते, आणि वितळलेल्या पॉलिमरच्या प्रवाहगुणांच्या अभ्यासाला ते चालत नाही. म्हणून ॲनायॉनिक मार्ग, म्हणजे ऋणभारित टोकावर साखळी वाढवण्याची पद्धत, निवडला आहे.

स्टायरीन आधी कॅल्शियम हायड्राइडवर आणि मग डायब्यूटिलमॅग्नेशियमवर सुकवून निर्वातात ऊर्ध्वपातित करतो. द्रावक सायक्लोहेक्झेन, आरंभक (साखळी सुरू करणारे संयुग) सेक-ब्यूटिललिथियम, तापमान 45 अंश सेल्सियस, वर आर्गॉन. स्टायरीन 20 ग्रॅम घेतले तर हिशेबाने आरंभक अवघा 10 मायक्रोमोल लागतो, म्हणजे 0.18 मिलिग्रॅम पाणी तो सगळा निकामी करू शकते. खरी अडचण इथेच आहे. द्रावणाला येणारा नारिंगी रंगही इतका फिकट असतो की त्यावरून साखळ्या जिवंत (अजून वाढू शकणाऱ्या) आहेत की नाहीत, हे खात्रीने ठरवता येत नाही.

जीपीसीत (जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफी, म्हणजे स्तंभातून सोडून साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारे मापन) मुख्य शिखर अपेक्षेपेक्षा वरच्या रेणुभाराला येते. काही आरंभक सुरुवातीलाच मेला असे मानले तर ते समजते. दुप्पट रेणुभारापाशी दिसणारा लहान खांदाही, शेवटी घालायचे मिथेनॉल नीट ऑक्सिजनमुक्त केल्यावर नाहीसा झाला. मात्र कमी रेणुभाराकडे पसरलेली लांब शेपटी काही केल्या जात नाही. काचेच्या भिंतीवरून हळूहळू सुटणारा ओलावा वाढत्या साखळ्यांना मध्येच मारत असेल, द्रावण घट्ट होऊन ढवळणी अडल्याने मोनोमर (स्टायरीन) सर्वत्र समान पोहोचत नसेल, किंवा इतक्या लांब साखळ्या जीपीसीच्या स्तंभातच ताणाने तुटत असतील. मला पहिल्या कारणाचा संशय अधिक आहे, पण पुरावा नाही.

नमुना अधिक विरळ करून प्रवाहाचा वेग निम्म्यावर आणला आणि तरीही शेपटी तशीच राहिली, तर तुटण्याची शक्यता वगळता येईल का, की स्तंभाशिवाय प्रकाश-विकिरणाचे मापनही करावे लागेल? भांडे आधी ब्यूटिललिथियमच्या द्रावणाने आतून धुऊन, ते काढून टाकून, मग अभिक्रिया लावणे या रेणुभाराला पुरते का? की आर्गॉन सोडून, सील केलेल्या पूर्ण काचेच्या उच्च-निर्वात उपकरणाशिवाय पर्याय नाही? ज्यांनी 10 लाखांच्या वर प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया आपली भांडी सुकवण्याची पद्धत तपशिलाने लिहावी.