उरलंसुरलं आणि अंडं: तुम्ही काय काय करता?

मंडळी, फ्रिज उघडला की छोट्या छोट्या वाट्या समोर दिसतात, म्हणजे वाटीभर भात, दोन उकडलेले बटाटे, तळाला राहिलेली भाजी, एकाच्याही पोटाला पुरणार नाही पण टाकायला मात्र जीव होत नाही असं सगळं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल वाचल्यापासून तर जास्तच लागतं मनाला. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण ६० टक्के घरांमधून. म्हणजे हॉटेलं, दुकानं राहू देत बाजूला, आपल्याच स्वयंपाकघरातून!

माझा उपाय अंडं. कुठल्याही उरलेल्या भाजीचं ऑम्लेट होतं, फक्त भाजी आधी पॅनमध्ये एकटी परतायची, तिचं पाणी सुटून आटेपर्यंत, चर्र आवाज बदलून कोरडा तडतड आवाज यायला लागेपर्यंत, मग थोडी निववायची आणि मगच फेटलेल्या अंड्यात मिसळायची. ओली भाजी तशीच ढकलली तर ऑम्लेट नीट धरत नाही आणि प्लेटमध्ये पाण्याचं तळं होतं. मीठ भाजीत आधीच असतं तेव्हा अंड्यात जपूनच घाला. तुम्ही काय करता ते सविस्तर लिहा, प्रमाणासकट.

*

आमच्याकडे उरतो तो भात. खरं सांगायचं तर एग फ्राइड राइससाठी मला ताज्यापेक्षा कालचा फ्रिजमधला भातच आवडतो, गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो ना, त्यामुळे शितं सुटी राहतात, गरम भात परतायला घेतला की लगदाच. पॅन चांगला तापवून आधी अंडी घालायची, अर्धवट जमली की बाहेर काढून ठेवायची, मग त्याच पॅनमध्ये भात हाताने मोकळा करून टाकायचा, मोठ्या आचेवर परतायचा, चांगला वाफाळला की अंडं परत आत. अंडं आधीपासून भातासोबत ठेवलं तर ते रबरासारखं होतं.

*

भाताबद्दल एक कळकळीने सांगते, ओट्यावर रात्रभर राहिलेला भात प्लीज वापरू नका. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. त्यामुळे जेवणं झाली की दोन तासांच्या आत पसरट डब्यात फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. बाकी शिजवलेलं तीन ते चार दिवस, त्यापुढे नाही. आणि वास जरा जरी वेगळा वाटला तरी अंडं घालून, मिरपूड घालून तो झाकायचा प्रयत्न करू नये, नासाडी वाचवायची म्हणून पोट बिघडवून घेण्यात काही अर्थ नाही.

*

ताई, अगदी बरोबर बोललात, हे लिहायलाच हवं होतं कोणीतरी.

माझं आवडतं म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, स्पेनमध्ये करतात त्या धर्तीवर. तिकडे कच्चा बटाटा तेलात हळूहळू शिजवून घेतात, मी उरलेला उकडलेलाच घेतो. चकत्या करून कांद्याबरोबर लालसर परतायच्या, फेटलेल्या अंड्यात दहा-पंधरा मिनिटं मुरत ठेवायच्या, मग लहान खोलगट पॅनमध्ये मंद आचेवर. कडा सुटल्या आणि मध्ये अजून थोडं हलतंय असं झालं की वर ताट उपडं ठेवून झटक्यात पालथं करायचं आणि सरकवत परत पॅनमध्ये. गार झाल्यावर वड्या पाडता येतात, डब्याला उत्तम.

*

ब्रेडच्या कडा आणि शिळे स्लाइस आम्ही साठवतो. एका अंड्याला साधारण अर्धा कप दूध, मीठ, मिरपूड, किसलेलं चीज, त्यात ब्रेडचे तुकडे निदान अर्धा तास भिजवायचे. ब्रेड जितका वाळलेला तितका चांगला, दूध पितो पण विरघळत नाही. उरलेलं चिकन किंवा भाजीसुद्धा ह्यात खपते. बेक करा किंवा झाकण ठेवून वाफवा, मध्ये सुरी घालून कोरडी निघाली की झालं.

*

आमच्याकडे रस्सा उरतो, त्यातलं सगळं वेचून खाल्लेलं असतं आणि नुसती ग्रेव्ही राहते. 😀 ती पसरट पॅनमध्ये खदखदू द्यायची, पातळ असेल तर आटवायची, चमच्याने खड्डे करून त्यात एकेक अंडं फोडायचं, आच बारीक, वर झाकण. पांढरं आधी जमतं, पिवळं नंतर, त्यामुळे झाकण उघडून बघत राहायचं, पांढरं दुधासारखं झालं आणि पिवळं जरा डुलतंय तेव्हा मी बंद करते. लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर माणसं खाणार असतील तर मात्र पिवळंही घट्ट होऊ द्यायचं.

*

नूडल्स, पास्ता: कापून अंड्यात कालवायचं, पॅनकेकसारखं दोन्हीकडून खरपूस. मुलं मिटक्या मारत खातात.

माझं एक स्पष्ट मत आहे, पटलं तर बघा. फ्रिजमधलं सगळं एकाच ऑम्लेटमध्ये कोंबू नये. एक उरलेला पदार्थ, फार तर दोन, आणि ते एकमेकांना शोभणारे. चव बिघडली की तेच परत उरतं आणि शेवटी अंडीही वाया जातात.

*

उलटा प्रश्न विचारू का? केकसाठी किंवा आणखी कशासाठी नुसतं पांढरं वापरलं की पिवळे बलक उरतात, त्यांचं काय करता तुम्ही?

*

एखादं पूर्ण अंडं त्यात घालून स्क्रॅम्बल करा, रंग आणि चव दोन्ही मस्त येतात. लगेच वापरायचे नसतील तर वर थोडं पाणी घालून झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस राहतात. फ्रीझरमध्ये नुसते ठेवले तर जेलीसारखे घट्ट होतात आणि परत पातळ होत नाहीत, म्हणून आधी चिमूटभर मीठ किंवा थोडी साखर घालून फेटा, आणि डब्यावर कुठलं घातलंय ते लिहून ठेवा. पांढऱ्याला हे काही लागत नाही, बर्फाच्या ट्रेमध्ये एकेका अंड्याचं वेगळं ओता, म्हणजे पाहिजे तेवढंच काढता येतं.