सोन्याच्या शोधाची कथा: पाहिलेली की ऐकलेली?

उत्तररेषा (चर्चाप्रस्ताव)

ऐतिहासिक साहसकथा लिहिणाऱ्याला तिचे बीज कुठे सापडते, याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या क्लोंडाइकपाशी येऊन थांबतो. १६ ऑगस्ट १८९६ रोजी तिथल्या एका ओढ्यात सोने सापडले. बातमी बाहेर पोहोचायला जवळजवळ वर्ष लागले, आणि जुलै १८९७ मध्ये सोने घेऊन आलेली जहाजे सॅन फ्रान्सिस्को व सिॲटलच्या धक्क्याला लागली, तेव्हा अंदाजे एक लाख माणसे उत्तरेकडे निघाली. त्यांतली तीस-चाळीस हजार डॉसन गावापर्यंत पोहोचली, आणि ज्यांच्या हाती खरोखर सोने लागले अशी माणसे चार हजारांच्या आसपास भरली.

या गर्दीत एकवीस वर्षांचा जॅक लंडन होता, पुढे लेखक म्हणून गाजलेला अमेरिकन. सावत्र बहिणीने घर गहाण टाकून उभे केलेले पैसे आणि तिचा साठी उलटलेला नवरा यांना सोबत घेऊन तो २५ जुलैला निघाला. मेहुण्याने चिलकूट खिंड चढण्याआधीच माघार घेतली. लंडनने सामान पाठीवर मारून खेपा केल्या, सोबत्यांबरोबर बांधलेल्या नावेतून व्हाइटहॉर्सचे खवळते पाणी ओलांडले, स्ट्यूअर्ट नदीच्या मुखाशी एका बेटावरच्या लाकडी खोपटात हिवाळा काढला आणि तिथे त्याला स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या रोगाने, गाठले. जून १८९८ मध्ये तो युकॉन नदीने सुमारे अडीच हजार किलोमीटर खाली समुद्रापर्यंत आला, तेव्हा त्याच्याजवळ साडेचार डॉलर किमतीचे सोने होते. पुढे आयुष्यभर तो त्या एका हिवाळ्यावर लिहीत राहिला.

आता दुसरा लेखक पाहा. रॉबर्ट सर्व्हिस हा बँकेतला कारकून १९०४ मध्ये व्हाइटहॉर्सला आणि १९०८ मध्ये डॉसनला बदलून आला, म्हणजे गर्दी ओसरून, खानावळी ओस पडून बराच काळ लोटल्यावर. त्याने नोकरी सोडली आणि जुन्या माणसांकडून ऐकलेल्या हकिकतींवर १८९८ सालच्या वाटचालीची एक कादंबरी लिहिली. त्याच्या कवितांत ही ऐकीव सामग्री खपून जाते, कारण तिथे लय तिला तोलून धरते. कादंबरीत मात्र ती उघडी पडते, कारण प्रसंग मोठे असले तरी थंडी कुठेच अंगाला लागत नाही. अशा कथेचे बीज अंगावर काढलेल्या दिवसांत असते, ते ऐकून मिळत नाही, असे माझे मत आहे. आपल्यापैकी कोणाला ते मान्य नसेल, तर कारणांसह लिहावे.

कागदकिडा

मला हे मान्य नाही. लंडनने सोन्यासाठी खणले किती, हे आधी पाहू. त्याने हेंडरसन ओढ्यावर खुंट्या रोवल्या आणि ५ नोव्हेंबर १८९७ रोजी डॉसनला जाऊन हक्काची नोंद केली, पण त्या जागेतून त्याला सांगण्याजोगे काही मिळाले नाही. हिवाळ्याचे महिने तो खोपटात शेगडीपाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत होता. म्हणजे सर्व्हिसने दहा वर्षांनी जे केले, तेच लंडनने ताजे असताना केले, एवढाच फरक उरतो.

क्लोंडाइक म्हटले की आपल्यासमोर जे छायाचित्र येते, बर्फाच्या उतारावर मुंग्यांसारखी चढणारी माणसांची रांग, ते दृश्य लंडनने पाहिलेलेच नाही. तो चिलकूट चढला तेव्हा उन्हाळा संपत होता. त्या दीडेक हजार पायऱ्या बर्फात कोरल्या गेल्या त्या पुढच्या हिवाळ्यात. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे मेले, आणि ती घोड्यांची वाट त्याच्या कथेत आहे. पण तो स्वतः त्या वाटेने गेला नव्हता.

आता त्याच्या सर्वांत गाजलेल्या कथेतला, 'द कॉल ऑफ द वाइल्ड'मधला, कुत्रा घ्या. डॉसनमध्ये त्याला बॉण्ड नावाचे दोन भाऊ भेटले आणि त्यांच्या कुत्र्यावरून त्याने नायक घडवला, हे खरे आहे आणि त्याने ते स्वतः कळवलेही आहे. पण गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या सवयी, खोडी आणि आपापसांतले वैर यांसाठी त्याने एगर्टन यंग या धर्मोपदेशकाचे १९०२ मध्ये आलेले पुस्तक वापरले. १९०७ मध्ये त्याच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप झाला, तेव्हा त्याने ते पुस्तक वापरल्याचे नाकारले नाही. आपण यंग यांना आभाराचे पत्र लिहिले होते, असे त्याचे उत्तर होते. मी याला चोरी म्हणणार नाही. आपल्याकडे झारेकरी सराफाच्या दुकानाबाहेरचा केर विकत घेऊन तो धुतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. कादंबरीकाराचा धंदा हाच आहे. केर कोणाच्या दुकानातला, हे गौण आहे.

सांजवेळ

एक व्याख्येचा मुद्दा. लंडनची ती कथा १९०३ मध्ये आली, म्हणजे तिच्यातला काळ अवघा पाच-सहा वर्षांपूर्वीचा होता. तिला ऐतिहासिक म्हणायचे का? ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला तो काळ पाहायला मिळत नाही, म्हणूनच तो ती लिहितो. गो. नी. दांडेकरांनी गड पायी धुंडाळले, पण त्यांना भेटला तो दगड, चढ आणि वारा, शिवकाळ नव्हे. या कसोटीवर लंडन आणि सर्व्हिस या दोघांपैकी खरा ऐतिहासिक कादंबरीकार सर्व्हिसच ठरतो, आणि त्याच्याकडे त्या भूमीवर राहण्याचा अनुभव तर होताच.

पैलतीर

पाहिलेले श्रेष्ठ की ऐकलेले, यावर वाद चालला आहे, परंतु त्या दोघांनी कोणाचे ऐकले आणि कोणाचे ऐकले नाही, हे कोणी विचारत नाही. १६ ऑगस्टला ओढ्यावर जॉर्ज कारमॅक होता, तशीच त्याची टॅगिश या मूळ रहिवासी समाजातली बायको शाव त्ला, तिचा भाऊ कीश आणि त्यांचा भाचा हेही त्या घटनेत होते. सोने प्रथम कोणाला दिसले, यावर कारमॅकची आणि टॅगिश लोकांची हकिकत जुळत नाही, पण शोधाच्या हक्काची नोंद झाली ती कारमॅकच्या नावावर.

ज्या नदीमुखाशी ही झुंबड उसळली, तिथे ट्रोंडेक ह्वेचिन या मूळ रहिवासी लोकांचा सामन मासे धरण्याचा तळ होता. त्यांचा प्रमुख आयझॅक याने आपली माणसे काही किलोमीटर खाली मूसहाइडला हलवली, आणि या गर्दीत आपली गाणी व नृत्ये टिकणार नाहीत, हे ओळखून ती अलास्कातल्या आप्तांकडे सांभाळायला दिली. साहसकथेला याहून मोठे बीज कोणते हवे होते? एक समाज आपली गाणी दुसऱ्याच्या घरी ठेव म्हणून ठेवतो, आणि त्याच वेळी शेजारच्या गावात तीस हजार परके पाटीत वाळू धूत असतात! लंडनच्या कथांत मूळ रहिवासी पुष्कळ येतात, काही ठिकाणी सहानुभूतीनेही येतात, परंतु बहुतेक वेळा ते गोऱ्या माणसाच्या कसोटीला साक्षीदार म्हणून उभे असतात. म्हणून मला अनुभवाचा हा गौरव अपुरा वाटतो; शेजारी राहूनही माणसाला ऐकू येत नाही, असे होऊ शकते.

उत्तररेषा

पैलतीर यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी मूळ लेखात आणायला हवा होता. सांजवेळ यांची व्याख्याही बरोबर आहे, मात्र तिच्यामुळे माझा प्रश्न सुटत नाही, फक्त त्याचे नाव बदलते.

कागदकिडा यांना मात्र माझे उत्तर आहे. लंडनने पुढे सांगितले की, आपण स्वतःला क्लोंडाइकमध्ये सापडलो, कारण तिथे कोणी बोलत नाही, सगळे विचार करतात. तुमच्या शेगडीभोवतीच्या गप्पांचे काय करायचे, ते आता तुम्हीच सांगा. विद्यापीठ एका सत्रानंतर सोडलेला, नंतर एका शाळेच्या धुलाईघरात कपडे धुऊन आणि इस्त्री करून थकलेला हा मुलगा त्याआधीही दिवसाचे पंधरा पंधरा तास लिहीत होता आणि ते लेखन परत येत होते. वाचन त्याच्याजवळ पुरेसे होते, कारण डार्विन आणि मिल्टन ही पुस्तके त्याने खिंडीतून पाठीवर वाहून नेली होती. जे नव्हते ते त्याला त्या हिवाळ्याने दिले. 'टू बिल्ड अ फायर' या, कडाक्याच्या थंडीत जीव वाचवण्यासाठी आग पेटवू पाहणाऱ्या माणसाच्या, त्याच्या कथेत बोटे बधिर होताना काड्यांचे जुडगे दोन तळहातांत धरावे लागते, हा तपशील मला कोणत्याही दप्तरातून आलेला वाटत नाही.

कागदकिडा

तेथे कोणी बोलत नाही असे सांगणाऱ्या लेखकाच्या क्लोंडाइकच्या कथांत माणसे पानोपानी बोलतात. कित्येक कथा तर शेकोटीपाशी सुरू होऊन तिथेच संपतात. लेखक स्वतःविषयी जे सांगतो, ते पुराव्यात सर्वांत शेवटी धरावे. पुरावाच हवा असेल तर हेंडरसन ओढ्यावरच्या खोपटात एका ओंडक्यावर २७ जानेवारी १८९८ या तारखेसह त्याची सही सापडली आहे, आणि नावापुढे त्याने लिहिले आहे: खाणकामगार, लेखक. साभार परतीचा अनुभव गाठीशी असलेला मुलगा गोठलेल्या ओढ्यावर बसून स्वतःला लेखक म्हणवतो, याचा अर्थ तो सामग्री गोळा करायलाच बसला होता. त्या खोपटाचे ओंडके पुढे वाटून घेऊन दोन खोपटी बांधली, एक डॉसनमध्ये आणि एक ओकलंडमध्ये. दोन्ही अर्धी खरी आहेत. कादंबरीची जातकुळी मला अशीच वाटते.

आणि तुमची ती आग पेटवण्याची कथा त्याने दोनदा लिहिली आहे. १९०२ च्या आवृत्तीत माणूस बोटे भाजून घेऊन का होईना, वाचतो. १९०८ च्या आवृत्तीत तो मरतो. हिवाळा तोच होता, शरीर तेच होते. मग शेवट बदलला कोणी? लिहिण्याच्या टेबलाने बदलला.

उत्तररेषा

पहिली आवृत्ती कुमारवाचकांच्या नियतकालिकासाठी होती आणि तिला धडा द्यायचा होता. म्हणून माणूस वाचला. दुसऱ्या वेळी त्याच्यावर ते बंधन नव्हते. बंधन सुटताच तो थंडीपाशी परत गेला, हे मला माझ्याच बाजूचे वाटते. मधल्या सहा वर्षांत त्याने कितीही वाचले असेल, तरी उणे पन्नासाखाली ओले झालेले पाऊल किती वेळ साथ देते, याचा हिशेब दोन्ही आवृत्त्यांत सारखाच कठोर आहे. बदल झाला तो त्या हिशेबाचा शेवट वाचकाला सांगण्याच्या धैर्यात.

कागदकिडा

दुसऱ्या आवृत्तीत आणखी एक बदल आहे, तो आपण वगळलात. पहिल्या कथेत माणूस एकटाच चालतो. कुत्रा दुसऱ्या कथेत आला आहे, म्हणजे यंग यांचे पुस्तक वाचून झाल्यावर.

उत्तररेषा

कुत्र्यापुरती मी माघार घेतो. काड्यांपुरती घेणार नाही.