मदत हवी आहे: टीएलए प्लसमध्ये दुसरा तत्त्वज्ञ कायमचा उपाशी

नमस्कार मंडळी, डायक्स्ट्राचं जेवणाऱ्या तत्त्वज्ञांचं कोडं टीएलए प्लसमध्ये (प्रणाली कशी वागते ते गणिती रूपात लिहायची भाषा) लिहितोय. गोल टेबल, ५ जण, दोघांमध्ये एक असे ५ काटे; जेवायला डावा-उजवा दोन्ही लागतात. डेडलॉक (सगळेच एकमेकांची वाट बघत अडकणं) नको म्हणून दोन्ही काटे एकाच पायरीत उचलायचे असं ठेवलं. डेडलॉक गेला, पण "भूक लागली की कधीतरी जेवायला मिळेलच" ही अट टीएलसी (सगळ्या शक्य स्थिती तपासणारं साधन) मोडून दाखवतं.

त्याने दिलेला क्रम बघा: १ जेवत असताना ३ सुरू करतो. १ थांबतो, पुन्हा बसतो. मग ३ थांबतो, पुन्हा बसतो. हेच चक्र. मधल्या २ चा कधी डावा काटा अडकलेला, कधी उजवा. दोन्ही एकदम मोकळे कधीच नाहीत. शेजाऱ्यांचं संगनमत नाही, तरी बिचाऱ्याच्या पोटात घास नाही!

वीक फेअरनेस (पायरी सतत शक्य असेल तर ती कधीतरी घडलीच पाहिजे) पुरला नाही म्हणून स्ट्राँग (पायरी पुन्हापुन्हा शक्य होत असेल तरी घडलीच पाहिजे) दिला. फरक शून्य. मला वाटतं, काटे उचलणं एकदाही शक्यच होत नसेल तर फेअरनेस सक्ती तरी कशाची करणार? बरोबर समजलोय ना?

बँकेतल्यासारखे टोकन नंबर दिले तर आकडे वाढतच जातात आणि टीएलसी संपतच नाही. दुसरी वाट म्हणजे चँडी-मिश्रा यांची १९८४ ची मळक्या-स्वच्छ काट्यांची युक्ती (वापरलेला काटा मळका; शेजाऱ्याने मागितला की तो पुसून द्यायचा, स्वच्छ असेल तर जेवण होईपर्यंत ठेवायचा). त्यात काटा मागण्याचे निरोप वेगळ्या रांगेत ठेवावे लागतील, की प्रत्येक काट्यामागे एक "मागितलाय" असा बुलियन (हो/नाही) पुरेल? कुणी लिहिलं असेल तर निदान सुरुवातीची स्थिती कशी मांडली ते सांगा, मी तिथेच अडकलोय.