आठवीच्या गणिताचा आकडा वाचताना

न्यू जर्सीतल्या आपल्यासारख्या छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात) सातवीपर्यंत बरे असलेले गणित आठवीत एकदम घसरते, म्हणजे मिडल स्कूलचे शिक्षकच कमी पडतात, असे या चर्चेत वर दोघांनी लिहिले आहे. घसरण राज्याच्या परीक्षेच्या निकालांच्या अहवालात दिसते हे खरे, पण त्यामागचे कारण मला पटत नाही. आठवीत अल्जिब्रा १ (बीजगणिताचा पुढच्या पातळीचा विषय) घेणारी मुले राज्याची आठवीच्या गणिताची परीक्षा देतच नाहीत; ती अल्जिब्रा १ चीच परीक्षा देतात आणि त्यांचे गुण वेगळ्या रकान्यात जातात. समजा, इयत्तेतल्या ६० मुलांपैकी २० जण अल्जिब्राला गेले, तर उरलेल्या ४० जणांचाच निकाल ‘आठवीचे गणित’ म्हणून छापला जातो, आणि त्यात एक मूल म्हणजे अडीच टक्के. दोघे जण अपेक्षित पातळीच्या दोनच गुण खाली थांबले, तरी ती पातळी गाठणाऱ्या मुलांचा आकडा पाच टक्क्यांनी खाली येतो.

मला काळजी वाटते ती या उरलेल्या मुलांची, कारण माझी धाकटी मुलगी त्यांच्यातच होती. तिची सहावीची वही उघडली तेव्हा दोन तृतीयांश भागिले एक चतुर्थांश हे गणित तिने तीनदा खोडलेले दिसले, आणि त्या पानावर कुणाचाही शेरा नव्हता. तिची अडचण आठवीतली नव्हती, दोन वर्षे जुनी होती. म्हणून स्कूल बोर्डाच्या बैठकीत दोन्ही रकाने एकत्र करून, त्याच मुलांचे सहावीपासूनचे निकाल मागावेत, असे मला मनापासून वाटते.