विंडोज एक्सपी कस्टम सीडीवरून टाकताना आधी ७बी निळा स्क्रीन, मग एएसएमएस फाइल मागतंय – मदत करा

छापखाना_मिरज
नमस्कार मंडळी, पोस्ट लांब आहे पण वाचा प्लीज. आमचा छोटा छापखाना आहे, वडिलांनी पेजमेकर ७ मध्ये जुन्या मराठी फॉन्टात (युनिकोड नव्हे) केलेल्या लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, आरतीची पुस्तकं असं पंधरा वर्षांचं काम आहे, आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरला प्रिंटर पोर्टवर लागणारा डोंगल (सॉफ्टवेअर चालू व्हायला लागणारी किल्ली) आहे, त्यामुळे एक्सपी सोडून जाता येत नाही. जुन्या मशीनचा बोर्ड गेला म्हणून इंटेल एच६१ चिपसेटच्या बोर्डाचा सेकंडहँड पीसी घेतला, त्याला प्रिंटर पोर्ट आहे एवढंच बघून. बाबांच्या बॉक्समधल्या ओरिजिनल एसपी२ (सर्व्हिस पॅक २) च्या सीडीने खाली "सेटअप इज स्टार्टिंग विंडोज" येतं आणि लगेच निळा स्क्रीन, स्टॉप कोड ७बी. मग एकाने बाजारातली कुणीतरी "लाइट" (भाग कापून हलकी) केलेली एसपी३ ची सीडी दिली, तिच्यावरही तेच. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटाचा (हार्डडिस्कच्या जोडणीचा) मोड आयडीई (जुन्या पद्धतीचा) केला तर फाइली कॉपी झाल्या, रीस्टार्ट झाला आणि ३४ मिनिटं बाकी असताना म्हणतंय एएसएमएस फाइल पाहिजे, पाथ द्या. ओके दाबलं की परत तेच. तुळशीचं लग्न तोंडावर आलंय, पत्रिकांच्या ऑर्डरी अडकल्यात.

जुना_पीसी
दादा, ७बी म्हणजे सेटअपला हार्डडिस्कपर्यंत पोचताच येत नाहीये. एक्सपी २००१ ची, तिच्या सीडीत एएचसीआयचा (साटाच्या नव्या मोडचा) ड्रायव्हरच नाही, आणि तुमचा बोर्ड २०११ च्या आसपासचा, तो एएचसीआयवर सेट असणार. त्यामुळे आयडीई केलंत ते बरोबर केलंत. फक्त इन्स्टॉल झाल्यावर तो मोड परत बदलू नका, नाहीतर चालू असलेली विंडोजही ७बी देईल.
एएसएमएसचं दुखणं वेगळं आहे. रीस्टार्टनंतर दुसरा टप्पा सुरू होतो, त्यात सीडी परत वाचावी लागते आणि तिथे एकतर ड्राइव्हच दिसत नाही किंवा सीडी खराब आहे. तो मेसेज समोर असताना शिफ्ट धरून एफ१० दाबा, काळी कमांड विंडो उघडेल. तिथून सीडीच्या ड्राइव्हवरच्या आय३८६ फोल्डरातलं एएसएमएस दिसतं का बघा, दिसलं तर ते सी ड्राइव्हवर कॉपी करून बघा, काय येतं ते इथे टाका.

छापखाना_मिरज
शिफ्ट एफ१० ने उघडली! फोल्डर दिसतंय, पण कॉपी करताना "डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक" येतंय.

जुना_पीसी
मग सीडी वाचली जात नाहीये, दुसरं काही नाही. ती ५२ च्या स्पीडला बर्न केलेली असेल. चांगल्या कोऱ्या सीडीवर ८ च्या स्पीडला बर्न करा आणि शेवटी व्हेरिफाय करायला लावा. तरी अशाच एरर आल्या तर एक रात्र मेमटेस्ट चालवून रॅम तपासा, खराब रॅमनेसुद्धा कॉपी करताना फाइली बिघडतात.

मुंबईकर८७
व्हर्च्युअलबॉक्समध्ये (नव्या विंडोजच्या आत जुनी विंडोज चालवणारा प्रोग्रॅम) एक्सपी का नाही चालवत? हे सगळं टळेल.

छापखाना_मिरज
डोंगल प्रिंटर पोर्टचा आहे हो, यूएसबीचा असता तर तेच केलं असतं.
बाकी, ज्याने सीडी दिली त्याच्याकडून इमेज आणून ८ ला बर्न केली आणि एक्सपी पूर्ण झाली. पेजमेकर उघडलं, डोंगलही ओळखला. पण प्रिंटर ॲड करायला गेलो तर प्रिंट स्पूलर सर्व्हिस (छपाईची कामं प्रिंटरकडे पाठवणारी) चालू नाही म्हणतंय, आणि सर्व्हिसेसच्या यादीत स्पूलर नावाची ओळच नाहीये. आता रडू यायचं बाकी आहे.

सीडी_संग्राहक
भाऊ, त्या माणसाने स्पूलर कापूनच टाकलाय. गेम खेळणाऱ्यांसाठी या सीड्या बनायच्या, रॅम वाचावी म्हणून प्रिंटिंग, फॅक्स, हेल्प, वाट्टेल ते उडवायचे, आणि काय काय उडवलं हे कुठेच लिहून ठेवायचे नाहीत. आता वरून एकेक फाइल टाकत बसू नका, आज स्पूलर जोडाल, उद्या स्कॅनर अडेल. शिवाय कुणी बनवली माहीत नाही, आत काय घातलंय माहीत नाही, अशा सीडीवर गिऱ्हाइकांची कामं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं.
बाबांची बॉक्सवाली सीडी आहे ना, तिला जपा, ती सोन्यासारखी आहे. तिच्यावरच काम करा. सीडी एका फोल्डरात पूर्ण कॉपी करा, एनलाइट या सीडीत बदल करायच्या प्रोग्रॅममध्ये (डॉटनेट २ लागेल) तो फोल्डर द्या, सर्व्हिस पॅक ३ जोडा, आणि ड्रायव्हर्समध्ये इंटेलचा एफ६ फ्लॉपीवाला (सेटअप सुरू होताना एफ६ दाबून फ्लॉपीवरून देतात तो) ३२ बिट ड्रायव्हर घाला. विचारेल तेव्हा टेक्स्टमोड निवडा, हे महत्त्वाचं, साध्या पीएनपी पर्यायाने सेटअपच्या पहिल्या निळ्या टप्प्यात तो लोडच होत नाही. यादीत ६ सिरीजचा डेस्कटॉप एएचसीआय शोधा, हार्डवेअर आयडी व्हेन ८०८६ डेव्ह १सी०२. आयडीई मोडमध्ये आयडी वेगळा दिसतो, म्हणून आधी बायोसमध्ये एएचसीआय करून लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून तो खात्रीने बघून घ्या. कंपोनंट काढायचं पान सरळ सोडून द्या, एकही टिक नको. आणि चुकलं तर त्याच फोल्डरावर पुन्हा एनलाइट फिरवू नका, सीडीवरून नवीन कॉपी घ्या.
प्रॉडक्ट की बॉक्सवरचीच टाका, ती त्याच सीडीला लागते. आणि या पीसीला इंटरनेटची वायर लावू नका, ८ एप्रिल २०१४ नंतर एक्सपीचा सपोर्ट बंद आहे. ॲक्टिव्हेशन नेटशिवाय फोनवरून होतं का ते बघा.

छापखाना_मिरज
तुम्हा दोघांचे किती आभार मानू. पहिल्या वेळी माझ्याकडून पीएनपी निवडलं गेलं आणि परत ७बी आला, मग नवीन कॉपी घेऊन टेक्स्टमोड केलं. एएचसीआयवरच लागली, सेटअपमध्ये हार्डडिस्क लगेच दिसली. स्पूलर यादीत आहे. काल रात्री साडेअकराला २००९ ची एक पत्रिका उघडून टेस्ट प्रिंट काढली, एकही जोडाक्षर फुटलं नाही. बाबा कागद हातात धरून बराच वेळ बघत होते.
आता हार्डडिस्कची पूर्ण इमेज काढून ठेवतोय, दोन ठिकाणी.